आक्का अजून पानावर आहे

बस थांबवायची आक्काची एक पद्धत होती. बाकीच्या बायका हात हलवायच्या, कुणी पदर हलवायची, कुणी नुसतीच "ओ, ओ" करत पळायची. आक्का रस्त्याच्या कडेला पाय रोवून उभी राहायची, उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे धरायची आणि पंजा सरळ उभा करायची. तो हलायचा नाही. पलीकडून कुणीतरी दार ढकलतंय आणि तिने ते धरून ठेवलंय, असं वाटायचं. बस थांबली तरी हात तसाच. शेवटची बाई चढली की मग तो खाली यायचा.

हाच हात रेशनच्या दुकानात वर व्हायचा, पंचायतीत वर व्हायचा, प्रचाराला आलेल्या उमेदवाराच्या जोडलेल्या हातांसमोर वर व्हायचा. सोबत दोनच शब्द. "बोलायचंय मला." मग समोरचा कितीही घाईत असो, त्याला थांबावं लागायचं. घाईतल्या माणसांना थांबवणारी अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. असेल तर तिच्याकडे नीट बघून घ्या, एवढंच सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे.

आमचं गाव बेळगुंदीच्या पुढे. नाव सांगत नाही. सांगितलं तर पंचायतीतले लोक विचारतील की आमचंच का, बाकीच्या गावांत काय सगळं सरळ चाललंय? आणि त्यांचं म्हणणं चूक नसेल. आक्काच्या घरी थोडी शेती होती. पावसाळ्यात भात, रताळी. ते सगळं नवरा बघायचा. तो एवढा कमी बोलायचा की आक्का म्हणायची, "आमच्या ह्यांच्या वाटणीचं बी मीच बोलून टाकतोय." आक्का स्वतः बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीत कोअर बनवायला जायची. ओतलेल्या लोखंडात जिथे पोकळी ठेवायची असते तिथे साच्यात वाळूचा घट्ट ठोकळा बसवतात, तो कोअर. लोखंड निवलं की तो फोडून काढतात. कुठल्यातरी शेतातल्या पंपाच्या पोटात जी पोकळी असते ती आक्काच्या हातची.

"आमचं काम दिसत न्हाय," ती सांगायची, "फोडून टाकत्यात. पर पाणी जातंय ते त्याच्यातनंच."

हे ती तक्रार म्हणून सांगायची नाही. मान ताठ करून सांगायची.

मी त्याच गावची. माझे वडील पत्रकं काढणारे. सीमाभागातल्या घरांत हे नवं नाही. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसायची, कारण खाटेवर गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती 'आमच्या मागण्या' या मथळ्याखाली. त्यामुळे कॉलेजला गेल्यावर मी पण पत्रकं लिहू लागले यात नवल नव्हतं. बसच्या प्रश्नावर मी पहिलं पत्रक लिहिलं, त्याचा मथळा होता 'भगिनींनो, जाग्या व्हा'. आक्काने ते स्टॉपवर उभ्याउभ्या वाचून घेतलं आणि घडी घालून मला परत दिलं.

"कोंबड्याच्या आदी उठतोय आमी," ती म्हणाली. "कुणाला जागं करतीस गं? जे झोपल्यात त्यांच्या दारात नेऊन टाक की."

पुढच्या पत्रकाचा मथळा मी बदलला. ते डेपोच्या दारात नेऊन टाकलं.

मतदानाच्या दिवशी आक्का शाळेच्या रांगेत पहिली असायची. दुसऱ्या कुणाचा नंबर आधी लागला तर तिचं तोंड उतरायचं. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. कोअरच्या वाळूत तेल कालवलेलं असतं. त्या वाळूत दिवसभर हात घासला की बोटावरची शाई इतरांपेक्षा फार लवकर जाते. आक्काला ते मान्य नव्हतं. म्हणून मतदानानंतरचा पहिला दिवस ती शाईचं बोट वर धरून काम करायची. डब्यात वाळू ठोकायची, तासायची, कोअर पालथा करून काढायची, आणि सगळा वेळ डाव्या हाताचं ते एक बोट हवेत. सुपरवायझर चिडायचा.

"आक्का, बोट खाली घे. मत दिलंस म्हणून पगार वाढला काय तुझा?"

"न्हाय वाढला."

"मग कशाला मिरवतीस?"

"तुमच्या मालकाचं बोट जाऊन बघा," आक्का म्हणायची. "माझ्यापेक्षा मोठा ठिपका हाय काय त्याला?"

सगळ्या कोअर शॉपमध्ये त्या दिवशी हसू असायचं, आणि माझ्या कानावर आलं ते असं की दुसऱ्याही दोघीतिघी बोटं वर धरून काम करू लागल्या होत्या.

गेल्या निवडणुकीनंतर बाहेरगावच्या एका संस्थेसाठी मी काही दिवस प्रश्नावली घेऊन हिंडले. त्यात एक प्रश्न होता. देशात लोकशाही ज्या रीतीने चालली आहे त्यावर तुम्ही किती समाधानी आहात? पूर्ण, थोडेफार, फारसे नाही, अजिबात नाही. त्याच्या खालीच दुसरा. घरची आर्थिक परिस्थिती सुधारली, तशीच आहे, की बिघडली?

बेळगावच्या शहापुरात एका विणकराने माझ्यासाठी माग थांबवला. प्रश्न ऐकला, मागावरच्या अर्ध्या साडीकडे बघितलं आणि म्हणाला, "सूत म्हाग झालं, साडी हाय त्याच भावाला. आता तुमीच सांगा, किती समाधानी लिव्हायचं." उद्यमबागेत नवीन लेथ घेतलेल्या एकाने हसतच 'पूर्ण' म्हणून सांगितलं आणि चहा पाजला. थोड्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की पहिल्याचं विचारायची गरजच उरत नाही. लोक घरातल्या पिठाच्या डब्यात डोकावून लोकशाहीचं उत्तर देत होते. काही शहाणे लोक याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. राज्यकारभार शेवटी ज्या डब्यात उतरतो तिथे बघूनच माणूस बोलणार. वर कुठे बघून बोलायचं त्याने?

मग मी आक्काकडे गेले. ती परड्यात रताळ्यांची माती झाडत बसली होती. परिस्थितीचं तिने लगेच सांगितलं. बिघडली, लिव. ओव्हरटाईम बंद झालाय, तेल कुठल्या कुठं गेलंय. मी मनातल्या मनात पहिल्या प्रश्नावर 'अजिबात नाही'ची खूण करूनही टाकली होती. तरी विचारलं.

"समाधानी म्हंजे काय गं?" आक्का म्हणाली. "जेवल्यावर ढेकर येतोय, तसं?"

"तसंच समज."

"ढेकर आला की माणूस पानावरनं उठतंय. मी अजून पानावर हाय. वाढा म्हणतोय."

"मग अजिबात नाही, असं लिहू?"

"तसं का लिवतीस? अजिबात न्हाय म्हंजे आमाला पंगतीत घेतलंच न्हाय. माझ्या आज्जीला कुणी इचारलं नव्हतं, तू कुणाला निवडणार म्हणून. मला इचारत्यात. वाढपी वाईट हायत म्हणून मी पान सोडून उठू व्हय?"

माझ्याकडच्या चार चौकटींत हे बसेना. मी ते कडेला जसंच्या तसं लिहिलं. संस्थेने त्याचं काय केलं ठाऊक नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या दिवसापासून 'ढेकर आला न्हाय अजून' हे आक्काचं वाक्य झालं. कुणी काही चांगलं झाल्याचं सांगितलं की ती पहिल्यांदा मान डोलवायची आणि मग ते म्हणायची.

बायकांना सरकारी बस फुकट झाली तेव्हाही ती हेच म्हणाली. त्या दिवसांत पुरुषांची जीभ फार सैल सुटली होती. स्टॉपवर एक दूधवाला असायचा, शहरात रतीब घालणारा. कॅन उचलता उचलता तो म्हणायचा, "बायकांची चैन हाय. फुकटात हिंडताय."

"काडीपेटी घेतली तरी त्याच्यात कर भरतोय आमी," आक्का म्हणायची. "फुकट तुझं दूध बी नसतंय, त्याच्यात निम्मं पाणी असून."

पण फुकट बसची खरी अडचण वेगळीच होती. बसच नव्हती. पहाटेची फेरी बंद करून ती उजाडल्यानंतर सोडायला सुरुवात झाली, आणि ती उद्यमबागेत पोचेपर्यंत फौंड्रीचं गेट लागलेलं असायचं. उशीर म्हणजे अर्धा दिवस गेला. पुरुष मोटरसायकलवर निघून जायचे. आक्काचा नवरा तिला गाडीवर सोडायला तयार होता. आक्का म्हणाली, "मी जाईन तुमच्या पाठीमागं बसून. बाकीच्या काय सायलेन्सरवर बसून येणार?"

मग एके दिवशी सुपरवायझरने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुढच्या महिन्यातही असाच उशीर होणार असेल तर आमच्या गावच्या सगळ्या बायका कमी करून वडगावकडच्या, जवळच्या बायका घ्यायच्या. कंत्राटी काम. त्याला कारण लागत नाही.

आक्का डेपोत गेली, पंजा उभा केला. डेपोवाले म्हणाले, पंचायतीचा ठराव आणा. पंचायत म्हणाली, सभेत विषय मांडा. आणि सभा भरायची कामाच्या दिवशी, ऐन दुपारी. म्हणजे बस मिळावी म्हणून सभेला जायचं, सभेला जायचं म्हणून कामावर खाडा करायचा, आणि खाडा केला की ज्या कामासाठी बस मागायची तेच जायचं. मला याचा भयंकर संताप आला. अजून येतो. सभेचं दार सगळ्यांना उघडं आहे असं सांगायचं आणि ते उघडायचं अशा वेळी की राबणारी बाई येऊच शकणार नाही. पोटाला काम आहे म्हणून जिचं मत बुडतं, तिलाच आपण वर विचारतो की समाधानी आहेस का.

मी पत्रक लिहायला घेतलं. आक्का पंचायतीत गेली.

आमचा पीडीओ, म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी, गोकाककडचा तरुण मुलगा होता. मराठी त्याला कळायचं, बोलताना अडखळायचा. आक्काने कन्नड आणि मराठी मिसळून त्याला सांगितलं की सभा सुट्टीच्या दिवशी घ्या. तो म्हणाला, सुट्टी मलाही असते आक्का. आक्का म्हणाली, तुमची सुट्टी आणि आमची सुट्टी, दोन्हीच्या मधी गाव लोंबकाळतंय. तो हसला, पण नियमात बसत नाही म्हणून मान हलवली. आक्का टेबलासमोर पंजा धरून उभी राहिली. त्याने बाकीच्यांना दाखले सह्या करून दिले, चहा मागवला, तिलाही दिला. तिने डाव्या हाताने कप घेतला. उजवा तसाच.

शेवटी त्याने विचारलं, "मग कधी भेटतात त्या सगळ्या?"

"रोज भेटतोय," आक्का म्हणाली. "पहाटे. स्टॉपवर. बस यायची वाट बघत."

अशा रीतीने आमच्या गावची बायकांची सभा बसस्टॉपवर भरली. पंचायतीने रीतसर दवंडी दिली. आमच्या वॉर्डाची सदस्या त्या सभेची अध्यक्ष. ती स्वतः उद्यमबागेतच पॅकिंगला जायची, त्यामुळे अध्यक्षही डबा घेऊन त्याच रांगेत उभी. धुकं एवढं होतं की समोरची चिंच दिसत नव्हती. बायका स्वेटरवरून पदर घट्ट घेऊन दाटीने उभ्या होत्या. दूधवाला कॅनवर बसून सगळं बघत होता आणि मधून मधून विचारत होता, मंडप कुठाय, पानसुपारी कुठाय.

सगळे होते, फक्त पीडीओ नव्हता. धुक्यात त्याची स्कूटर रस्ता चुकून मळ्यात गेली होती. तो आला तेव्हा उजाडलेलं होतं. त्याने ठरावाची वही उघडली, अध्यक्षीणबाईंनी घसा साफ केला, सभा सुरू झाली असं त्या म्हणाल्या, आणि वळणावर बस दिसली.

आता बघा. एवढ्या महिन्यांत जी बस कधी लवकर आली नाही, ती त्या दिवशी रोजच्यापेक्षा जरा आधी आली. ही बस सोडली तर त्या दिवसाचं काम गेलंच, वर सुपरवायझर म्हणणार, सांगितलं होतं ना. बसमध्ये चढलं तर सभा मोडली, आणि पुढची सभा कधी ते देवाला ठाऊक. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने डबा उचलला, परत ठेवला.

आक्का रस्त्यावर गेली. पाय रोवले. पंजा उभा केला.

बस थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "हत्री, हत्री, लगू." चढा, चढा, लवकर.

"स्वल्प निल्लसरी," आक्का म्हणाली. जरा थांबा. मग मागे वळून पीडीओला म्हणाली, "साहेब, चढा."

"मी? माझी स्कूटर..."

"स्कूटर कोण खातंय? आमचे हे बघतील. चढा तुमी. सभा चालू हाय."

पीडीओ चढला. त्याच्यामागे अध्यक्ष, मागे सगळ्या बायका, मी, दूधवाला, त्याचे कॅन. बस आधीच भरलेली होती. बेळगावला निघालेले मागच्या गावांचे लोक होते. आम्ही छताच्या दांडीला लोंबकळत उभ्या राहिलो. पीडीओ इंजिनाच्या झाकणाला टेकून उभा होता, वही छातीशी धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी विसरणार नाही. घाबरलेला होता. पण खोटं कशाला सांगू, थोडा खूशही होता.

"आक्का," तो म्हणाला, "एक ऐका. गावाची हद्द संपली की सभा संपली. हद्दीच्या बाहेर ठराव चालत नाही. ते नियम आहे."

आमच्या गावची शीव म्हणजे बेळगुंदीच्या अलीकडे एक पांढरा रंग दिलेला दगड. बस जोरात गेली तर किती वेळ लागणार. आक्का ड्रायव्हरच्या पाठीमागे गेली आणि त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण बस बैलगाडीच्या चालीने जाऊ लागली. मागून मोटरसायकलवाले हॉर्न वाजवू लागले. दूधवाला म्हणाला, "आता संसद बी बसमधीच भरवा आक्का. तिकीट तरी लागणार न्हाय."

अध्यक्षीणबाईंनी ठराव वाचला. पहाटेची फेरी पूर्वीच्या वेळी सुरू करावी, अशी ही सभा मागणी करते. पीडीओने तोच कन्नडमध्ये वाचला. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ज्यांचा होकार असेल त्यांनी हात वर करा.

पीडीओने वर बघितलं. सगळ्यांचेच हात वर होते. दांडीला धरलेले. आमच्या गावच्या, दुसऱ्या गावच्या, पाहुण्याकडे निघालेले, दूधवाला, सगळे.

"हे कसं मोजायचं?" त्याने विचारलं. कुणी तरी हसलं आणि मग अख्खी बस हसली. पण खिडकीतून ओढ्यावरचा पूल दिसू लागला होता. पूल ओलांडला की शीव आलीच.

तेव्हा आक्का बोलली. मोठ्याने नाही. "आमच्या गावच्या बायकांनी ऐका. ज्यांचा होकार हाय त्यांनी दांडी सोडा."

हलत्या बसमध्ये, डबे सांभाळत, गर्दीत दांडी सोडायची म्हणजे पडायचंच. मग एकीने सोडली आणि शेजारणीचा खांदा धरला. त्या शेजारणीने सोडली आणि पुढचीच्या कमरेत हात घातला. मागे मागे ते सरकत गेलं. बस पुलावर उसळली, सगळ्या एकदम डावीकडे झुकल्या, एकदम उजवीकडे, आणि एकही पडली नाही, कारण पडायला मध्ये जागाच राहिली नव्हती. पीडीओ मोजू लागला. दुसऱ्या गावच्या एका बाईनेही सोडली होती. तो म्हणाला, तुम्ही नाही, तुम्ही धरा. ती म्हणाली, "मग आमच्या गावात कधी घेताय असली सभा?"

एकच हात दांडीवर राहिला होता. नवीन लग्न होऊन आलेली एक सून, कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. बायका तिच्याकडे रागाने बघू लागल्या.

"असू दे," आक्का म्हणाली. "धरून ठेव गं बाई. न्हाय म्हणायचा बी हक हाय."

पीडीओने पेन तयार ठेवलं. "विरोध आहे काय?"

"विरोध न्हाय ओ," ती सून म्हणाली, आणि मान खाली घालून, "दोन जिवाची हाय मी."

त्यानंतर बसमध्ये जो गलका झाला तो लिहिता येत नाही. सासूलासुद्धा अजून ठाऊक नव्हतं, आणि सासू तिथेच, दोन माणसं सोडून. दोघींनी दोन्ही बाजूंनी तिला धरलं, आक्काने पाठीला हात दिला, आणि त्या पोरीने दांडी सोडली. पीडीओने लिहिलं, एकमताने मंजूर. ड्रायव्हरने शिवेच्या दगडापाशी गाडी उभी करून विचारलं, "मुगितेनरी?" झालं का? झालं म्हणताच त्याने जो गिअर टाकला त्याने आक्का, जिने आता काहीच धरलेलं नव्हतं, ती सरळ दूधवाल्याच्या कॅनवर जाऊन बसली.

"ठराव पास," दूधवाला म्हणाला, "आणि आक्का दुधात."

त्या दिवशी ड्रायव्हरने बस अशी हाणली की गेट लागायच्या आत सगळ्या आत होत्या. पीडीओ दुसऱ्या बसने परत गेला.

मी पत्रकांत वाढलेली मुलगी. क्रांती, एल्गार, हे शब्द मी लहानपणापासून ठळक टाईपात बघितले आहेत. त्या शब्दांवर माझा विश्वास आहे. पण ते शब्द कसे दिसतात हे मला कुणी विचारलं तर मी त्या बसमधलं दृश्य सांगेन. आणि ज्यांना वाटतं की अर्धपोटी माणसाला लोकशाहीचं काय, त्यांना सांगेन की त्या बसमधली एकही बाई पोटभर पगार घेणारी नव्हती.

फेरी लगेच सुरू झाली असं नाही. ठराव गेला, हरवला, पुन्हा गेला. आक्काने त्याच्या मागे पंजा उभा ठेवला. महिना भरत आला तसा सुपरवायझर रोज गेटवर उभा राहू लागला. त्या दिवसांत नवऱ्यांच्या मोटरसायकली एकदम फार चालू लागल्या. आक्काचा नवरा तीन फेऱ्या मारायचा, काही न बोलता. आणि महिना संपायच्या आतच एका पहाटे, दिवे लावलेली बस वळणावर दिसली. बायका ओरडल्या. आक्काने ड्रायव्हर आणि कंडक्टरला उकडलेली रताळी दिली, गरम, फडक्यात बांधून. ड्रायव्हर म्हणाला, "आता खूश काय आक्का?"

"चांगलं झालं," आक्का म्हणाली. "संध्याकाळची का उशिरा येतीय? ढेकर आला न्हाय अजून."

आता आक्का गावात नाही. कोअर शॉपमध्ये मशीन आलं, थोड्या बायका राहिल्या, बाकीच्यांना दुसऱ्या कारखान्यांत कामं बघावी लागली. आक्काचे गुडघेही बोलू लागले होते. निपाणीला तिची लेक तंबाखूच्या वखारीत जाते, तिचं मूल सांभाळायला आक्का तिकडे गेली. जाताना बसमध्ये बसायला तिला जागा दिली तर बसली नाही. उभीच गेली. मधून मधून मी फोन करते. कशी आहेस म्हणून विचारायच्या आत ती विचारते, "बस येतीय काय येळेवर?" येते म्हणाले की मग निपाणीत कुठला नळ कधीपासून कोरडा आहे आणि तिथला अधिकारी किती वाजता जागेवर सापडतो, ते सांगू लागते. त्या अधिकाऱ्याला अजून ठाऊक नाही, त्याच्या गावात कोण राहायला आलंय.

परवा पहाटे मला बेळगावला जायचं होतं. स्टॉपवर बस आली. तिला थांबवायला आता हात करावा लागत नाही, ती आपोआप थांबते, तरी चढताना सगळ्यांनी एकदा रस्त्याच्या कडेच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. बसमध्ये बऱ्याच नवीन मुली होत्या. उद्यमबागेत नुकत्या लागलेल्या, कानात मोबाईलच्या वायरी. ती दोन जिवाची सून आता बाळंत होऊन परत कामावर येऊ लागली आहे. माझ्या शेजारीच उभी होती.

पूल ओलांडला आणि ड्रायव्हरने गाडी हळू केली. ड्रायव्हरही नवीन होता, त्याला कुणी शिकवलं माहीत नाही. पांढरा दगड जवळ आला तशा बायकांनी दांड्या सोडल्या. रोज सोडतात म्हणे. नवीन मुलींनीही सोडल्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, असं का करता, तर ती म्हणाली, आमच्या गावची पद्धत आहे.

मी पण दांडी सोडली. बस उसळली. शेजारच्या सुनेने, माझ्याकडे न बघताच, माझा दंड घट्ट धरला.